47 नंबर आणि साडेबाराची रांग

रोल नंबर 47. नाव देत नाही. त्यानंही देऊ नका म्हटलंय. बी.एस्सी. दुसरं वर्ष, 2024-25. मी नागपुरातल्या एका अनुदानित कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि राष्ट्रीय सेवा योजनेचं कामही माझ्याकडेच आहे. हे दुसरं मुद्दाम सांगते. अडचणीतला विद्यार्थी हेरणं हे कागदोपत्री माझंच काम, आणि या पोराला ओळखायला मला तीन महिने लागले.

त्याची बॅच बी-दोन. प्रॅक्टिकल मंगळवारी आणि गुरुवारी, दुपारी बारा ते तीन. तो बाराच्या ठोक्याला हजर. अ‍ॅप्रन चढवायचा, बुरेट धुऊन भरायचा, पहिलं रीडिंग अचूक घ्यायचा. साडेबाराच्या सुमारास अ‍ॅप्रनची घडी करून स्टुलावर ठेवायचा आणि गायब. परत उगवायचा तो दीड-पावणेदोनला. तोवर ग्रुपमधल्या पोरांनी टायट्रेशन संपवून आकडे वहीत उतरवलेले असायचे. चार वेळा मी पाहून न पाहिल्यासारखं केलं. पाचव्या वेळी हजेरीपटावर लाल गोल. अर्धं प्रॅक्टिकल म्हणजे गैरहजर, हा आमच्या विभागाचा नियम; तो मीच केलेला.

"कुठं जातोस रे रोज?"

"काम असते जी मॅडम."

मी समजले, कुठंतरी पार्टटाइम करत असेल. डिलिव्हरीची पिशवी पाठीला लावून फिरणारी पोरं वर्गात दोन-चार असतातच. एकदा तर सगळ्यांसमोर म्हटलं, की नोकरीच करायची तर विज्ञान शाखेत कशाला आलास. तो काही बोलला नाही. हे वाक्य परत घेता येत नाही म्हणून इथं लिहून ठेवते.

रांग

ऑक्टोबरात, दसरा होऊन गेल्यावर, सासूबाईंचे रिपोर्ट आणायला मी दुपारची बाहेर पडले. दवाखान्याजवळ शिवभोजनाचं केंद्र आहे. बाहेर रांग: रिक्षावाले, पेशंटचे नातेवाईक, एक आजीबाई आणि मधे 47 नंबर. हातात दहाची नोट. काउंटरवरच्या ताईंनी मोबाइल वर धरला. थाळी देताना जेवणाऱ्याचा फोटो अ‍ॅपवर टाकावा लागतो, त्याशिवाय नोंद होत नाही. "इकडं पाह्य भाऊ, फोटो येऊ दे." त्यानं पाहिलं आणि त्यांच्या खांद्यामागे त्याला मी दिसले.

त्या क्षणी मी रस्ता ओलांडून निघून जायला हवं होतं असं अजून वाटतं. गेले नाही. तो जेवेपर्यंत थांबले.

शिवभोजन थाळी राज्यात 26 जानेवारी 2020 ला सुरू झाली. दहा रुपयांत 30-30 ग्रॅमच्या दोन चपात्या, 100 ग्रॅम भाजी, 100 ग्रॅम वरण, 150 ग्रॅम भात. शहरात एका थाळीचे 50 रुपये धरलेले. ग्राहकाचे दहा, सरकारचे चाळीस. योजना सुरू झाली तेव्हा एका केंद्राला दिवसाला किमान 75 आणि कमाल 150 थाळ्या अशी मर्यादा होती. म्हणजे थाळ्या मोजून असतात आणि वेळ दुपारचीच. या केंद्रावर सव्वा वाजता पोचलेल्याला कधी मिळायची, कधी नाही. प्रॅक्टिकल संपवून तीन वाजता गेलेल्याला कधीच मिळाली नसती. नागपुरात तर्री-पोह्याच्या एका प्लेटीच्या पैशात अशा दोन थाळ्या येतात आणि वर सुटे उरतात. त्यानं हिशेब चोख केला होता. त्या हिशेबात माझा लाल गोल नव्हता, एवढंच.

"जेवायचं होतं तर सांगायचं नाही का?"

"काय सांगू जी? दहा रुपयाचं जेवाले चाललो म्हणून?"

घरचा हिशेब

गाव कुरखेडा तालुक्यात, गडचिरोली जिल्हा. वडसा-ब्रह्मपुरीवरून एसटीनं यायचं तर अर्धा दिवस मोडतो. घरी आई, वडील, आजी आणि बारावीतली बहीण. मजुरीवर घर चालतं. धानाच्या कापणीत थोडं धान्य घरात येतं. नागपुरात नंदनवनच्या बाजूला तिघांत एक खोली. रात्रीचा डबा लावलेला, महिन्याचे 1,600. सकाळी चहा आणि असले तर टोस्ट. दुपारी शिवभोजन. रविवारी केंद्र बंद असलं की डब्यातल्या दोन पोळ्या आदल्या रात्री काढून ठेवायच्या. डब्याचे पैसे आईच्या लाडकी बहीणच्या दीड हजारातून येत होते, जुलै 2024 पासूनचे. त्याआधी ते कुठून येत होते हे मी विचारलं नाही. खोलीभाड्यासाठी तो दोन पोरांची शिकवणी घ्यायचा.

मी त्याला सरळ प्रश्न विचारले आणि उत्तरं ऐकताना माझीच पंचाईत होत गेली.

राशन कार्ड आहे का? आहे, केशरी, प्राधान्य कुटुंबाचं, कुटुंबप्रमुख आई. त्यावर तुझं नाव? "होतं. आता कटलं असन, मी तिथं राहत नाही न."

सरकारी वसतिगृहात अर्ज केला होतास? "पहिल्या वर्षी केला होता. यादीत नंबर नाही लागला." मग? "मग काही नाही. नाही म्हटल्यावर संपलं न."

स्वाधारचं ऐकलंय का? "ग्रुपवर आलं होतं तुमचंच."

तिथं मी गप्प झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेचं पत्रक जुलैमध्ये मीच ग्रुपवर टाकलं होतं, पीडीएफ, कित्येक पानांची. शिवाय एक प्रत नोटीस बोर्डाच्या काचेमागे. ऑक्टोबरपर्यंत तिच्यावर युवक महोत्सवाचं पोस्टर लागलं होतं; जाऊन पाहिलं तेव्हा फक्त खालची सही दिसत होती. मी माझ्या वार्षिक अहवालात मात्र 'विद्यार्थ्यांमध्ये शासकीय योजनांबाबत जनजागृती केली' असं लिहून मोकळी होणार होते.

आणि त्यानं ती पीडीएफ उघडली होती, ही यातली खरी गोम. सुरुवातीलाच त्यानं वाचलं: शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध प्रवर्गातील विद्यार्थ्यांकरिता. पोरानं 'प्रवेश न मिळालेल्या' एवढं वाचलं, त्याला पहिल्या वर्षीची यादी आठवली आणि त्यानं फोन खिशात ठेवला. ज्या नकारानं तो गप्प बसला, तो नकारच त्या योजनेचं दार होता. वसतिगृह मिळालं नाही म्हणून तर स्वाधार आहे! नागपूरसारख्या शहरासाठी वर्षाला जेवणाचे 32 हजार, राहण्याचे 20 हजार, निर्वाहाचे 8 हजार, एकूण 60 हजार रुपये. पालकांचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत, मुलगा त्या शहरचा रहिवासी नको. सगळं त्याला लागू. एक अट मात्र गळ्यात अडकणारी: उपस्थिती 75 टक्के.

म्हणजे बघा. जेवायला जावं तर हजेरी जाते. हजेरी गेली तर जेवणाचे 32 हजार जातात. ही गाठ सरकारनं घातली नव्हती, आमच्या वेळापत्रकानं घातली होती.

माहिती कोण सांगतं

आता थोडं विषय सोडून. लाडकी बहीण योजना जाहीर झाली आणि महिन्याभरात कुरखेड्याच्या आतल्या गावातली त्याची आई, जिला स्वतःची सही अलीकडे जमायला लागली, तिचा फॉर्म भरला गेला होता. कुणी भरला? अंगणवाडी सेविकेनं, घरी येऊन. त्या कामाचे एका अर्जामागे 50 रुपये जाहीर झाले होते. दुसरीकडे 'एक देश, एक राशन कार्ड'. ऑगस्ट 2019 मध्ये ज्या चार राज्यांत ते सर्वांत आधी सुरू झालं त्यांत महाराष्ट्र होता, आणि 2022 पर्यंत ते देशभर लागू झालं. आपल्या वाट्याचं धान्य देशातल्या कुठल्याही राशन दुकानातून अंगठा लावून उचलता येतं. पाच वर्षांनंतर हे नागपुरात शिकणाऱ्या, हातात स्मार्टफोन असलेल्या, विज्ञानाच्या विद्यार्थ्याला माहीत नव्हतं. त्याच्या आईपेक्षा तो कमी शिकलेला नव्हता. त्याच्या दारात कुणी आलं नव्हतं, आणि ते कुणाचं कामही नव्हतं.

हे आपल्याकडेच आहे असंही नाही. अमेरिकेत तिथल्या संसदेसाठी लेखापरीक्षण करणाऱ्या संस्थेनं 2018 च्या अखेरीस एक अहवाल दिला. स्नॅप नावाची अन्नखरेदीची सरकारी मदत ज्यांना मिळू शकली असती अशा सुमारे 33 लाख गरीब विद्यार्थ्यांपैकी जवळपास 20 लाखांनी ती घेतच नसल्याचं 2016 च्या माहितीतून दिसलं. तिथला नियमही शिकणाऱ्याला सहजी आत घेत नाही; आठवड्याला 20 तास काम करतोस का, मूल सांभाळतोस का, असल्या अटींतून वाट काढावी लागते, आणि त्या अटी कॉलेजातल्या माणसांनाही नीट ठाऊक नसतात. वाचून मला बरं वाटलं असं म्हणणार नाही. पण नोटीस बोर्ड तिकडेही आहेत हे कळलं.

दुसरी गोष्ट लाजेची. आमच्या आजोबांच्या पिढीतले लोक वार लावून जेवले आणि शिकले, हे आजही कौतुकानं सांगितलं जातं. सोमवार या घरी, मंगळवार त्या घरी. त्या पंगतीत कोणत्या घरची पोरं बसत आणि कोणत्या घरच्यांना ओसरीवरही जागा नव्हती, हे कौतुक करणारे सांगत नाहीत. आज त्याच पोराला कायद्यानं हक्काचं धान्य आहे, तर तो रांगेत तोंड लपवतो. दसऱ्याच्या दिवसांत दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर अन्नदानाचे स्टॉल लागतात, लाखो लोक जेवतात. 47 नंबरनं तिथं दोन दिवस वाढायचं काम केलं आणि पोटभर जेवलाही. तिथं त्याला लाज वाटली नाही. "तिथं कोणी फोटो नाही काढत न," असं तो म्हणाला. मग जरा थांबून, "काढला तरी चालला असता."

काय केलं, कोणत्या क्रमानं

सगळ्यात आधी बॅच बदलली. बी-दोनमधून बी-एक, सकाळी आठ ते अकरा. एका मुलीला उलट बदल हवाच होता. ती उमरेडहून रोज यायची आणि आठ वाजता पोचताना तिची दमछाक व्हायची. दोघांचं काम एका अर्जात झालं. खर्च शून्य, वेळ दहा मिनिटं. हे तीन महिन्यांपूर्वी झालं असतं तर पुढचा निम्मा मजकूर लिहावाच लागला नसता.

मग हजेरी. सगळे विषय धरून त्याची उपस्थिती 71 टक्के भरत होती. स्टाफरूममध्ये एक सहकारी म्हणाले, "टाकून द्या न हजेरी, कोण पाहते?" मोह झाला, खोटं कशाला सांगू. पण उद्या दुसऱ्याच कारणासाठी दुसराच कुणी हेच मागेल. विभागप्रमुखांशी बोलून बुडालेली सहा प्रॅक्टिकल्स दिवाळीच्या सुटीत परत घ्यायचं ठरवलं. तीन दिवस तो, मी आणि लॅबमधले काका. काकांनी पहिल्या दिवशी कुरकुर केली, दुसऱ्या दिवशी घरून चिवडा आणला. 76 टक्के झाले. पोरगा घरी पोचला तोवर लक्ष्मीपूजन होऊन गेलं होतं.

राशनचं मात्र घोडं अडलं. राशन दुकानातल्या अंगठ्याच्या मशीनवर, म्हणजे पॉस मशीनवर, टाकायला कार्डाचा 12 अंकी नंबर लागतो. कार्ड गावी, आईच्या ट्रंकेत. बहिणीनं फोटो काढून पाठवला; पहिल्या फोटोत शेवटचे दोन आकडे बोटाखाली. नंबर घेऊन तो खोलीजवळच्या दुकानात गेला. दुकानदार म्हणाला, "तुमचा कोटा तिकडं, तिकडच्या कंट्रोलात जा." हे चूक आहे. पण दुकानदाराच्या बाजूनंही पाहायला हवं. त्याला माल येतो तो त्याच्या कार्डांच्या हिशेबानं. बाहेरचा माणूस उचलून गेला तर ते भरून येतं, पण पुढच्या वाटपात, आणि तोवर आपल्याच कार्डधारकाला 'संपलं' म्हणायची वेळ त्याच्यावर येऊ शकते. त्या वेळी कमिशन होतं क्विंटलमागे 150 रुपये. पाच किलोमागे साडेसात. साडेसात रुपयांसाठी कोण कटकट घेतो?

1967 या हेल्पलाइनला फोन लावला. निवडणुकीचा महिना, 20 नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान, यंत्रणा सगळी तिकडे. दोन दिवसांनी लागला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे सांगितलं की देता येतं, दिलं नाही तर दुकानाचा क्रमांक कळवा. तक्रार आम्ही केली नाही. दुसऱ्या दुकानात गेलो, या वेळी मी सोबत.

तिथला प्रसंग लक्षात राहण्यासारखा. मालकीणबाईंनी नंबर टाकला, म्हणाल्या, "लाव अंगठा." मशीननं नाही घेतला. पुसून लावला, नाही. लॅबमध्ये आम्ल-अल्कलीत बोटांची साल गेलेली. रसायनशास्त्राच्या पोरांचा हा व्यवसायरोगच. "मधलं बोट लाव बाबू." मधलं बोट लागलं. पडद्यावर पाच नावं आली. आई, वडील, आजी, बहीण आणि पाचवं त्याचं.

"माझं नाव हाय!" तो जवळजवळ ओरडलाच.

नाव होतं, ई-केवायसी, म्हणजे मशीनवर बोट लावून ओळख पटवणं, झालेली नव्हती. ज्यांची ती झाली नसेल त्यांचं धान्य थांबेल असं तेव्हा सांगितलं जात होतं, आणि बाहेरगावी शिकणारी पोरं नेमकी त्यात मागे राहतात. गावच्या दुकानात घरचे चौघं बोटं लावून येतात, पाचवा नागपुरात. पण ई-केवायसी राज्यातल्या कोणत्याही राशन दुकानात होते. तिथंच झाली. तेवढ्यासाठी त्याला गावी जायचं तर जाण्यायेण्याचं भाडं आणि दोन दिवस गेले असते.

मशीनवर महिन्याचं 25 किलो शिल्लक दिसत होतं. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो, 2023 पासून फुकट. मालकीणबाईंनी विचारलं, "किती काढू? तुझे पाच काढू का?"

त्यानं फोन लावला, गावी.

पाच किलो कुणाचे

या फोनपर्यंत मला वाटत होतं की प्रकरण सुटलं. माहिती नव्हती, मिळाली. अडथळा होता, निघाला. मी आयताकृती डब्यांचे तक्ते काढणारी बाई, पुढचा डबा 'लाभ मिळाला' हाच असणार होता.

आई म्हणाली, "उचल न बापा, तुयेच तर हायेत." मग बहिणीनं फोन घेतला. ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. तो "हो… हो… नाही, ठीक हाय," एवढंच म्हणाला आणि मालकीणबाईंना म्हणाला, "आज राहू द्या."

बाहेर आल्यावर कळलं. पंचवीस किलो पाच जणांचं म्हणून मिळतं, खातात चार जण. त्याच्या वाट्यावर घराचा महिना शेवटपर्यंत जातो. दिवसभर राबणाऱ्या दोन माणसांना माणशी पाच किलो पुरत नाही. हे कुणीही धानपट्ट्यातला माणूस सांगेल. तो नागपुरात पाच किलो उचलणार म्हणजे तिकडे आजीच्या ताटातून उचलणार. नाव कटलं असेल असं तो म्हणाला होता, त्यात अज्ञान होतंच, पण जरा सोयीचंही होतं. नाव नाही असं मानलं की मागायचा प्रश्नच येत नाही.

मला स्वतःचा राग आला, आणि गंमत म्हणजे आदर वाढला तो बहिणीबद्दल. सतरा वर्षांची पोर फोनवर घराचा कोठा मोजून सांगते.

डिसेंबरात तिचाच फोन आला. कापणी झाली होती, मजुरीचं धान घरात आलं होतं. "दादा, आता तू तिकडं उचल. मार्चपर्यंत. मग पाहू." त्यांनी घरात बसून वर्षाचं वेळापत्रक लावलं होतं: धान घरात आहे तोवर त्याचा वाटा नागपुरात, पाऊस लागला आणि कोठा रिकामा झाला की वाटा गावी. तेव्हापासून मार्चपर्यंत त्यानं महिन्याला पाच किलो उचलले. तांदूळ किती, गहू किती हे वाटपाप्रमाणे. गहू तो डबेवाल्या काकूंच्या चक्कीत दळून आणायचा. खोलीत इंडक्शन आणि एक तीन लिटरचा कुकर आला. दुपारचा भात सकाळीच. आता सकाळी प्रॅक्टिकल, दुपारी खोलीवर भात-वरण, आणि शिवभोजनाच्या रांगेत आठवड्यातून एखादा दिवस.

जुलैमध्ये सरकारी संगणकावर हा मुलगा 'सुविधा न वापरणारा' दिसेल. त्याला माहिती नाही, जनजागृती वाढवा, असं कुणीतरी लिहील. मीही कदाचित लिहिलं असतं.

स्वाधार, थोडक्यात

कागदांची यादी सगळ्यांना ठाऊक आहे: जातीचा दाखला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, बोनाफाईड, उपस्थितीचा दाखला, बाहेर राहत असल्याचा पुरावा. उत्पन्नाचा दाखला बहिणीनं आणला. घरमालकीण भाडेकरार द्यायला तयार होईना; टॅक्स वाढेल ही भीती. शेवटी शपथपत्रावर भागवलं. एक गोष्ट मात्र सांगण्यासारखी. त्यानं अर्जात दिलेलं खातं नागपूरच्या बँकेचं, आधार जोडलेलं मात्र गावच्या जनधन खात्याला. अशा योजनांचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात, मग ते तुमच्या हाताशी असो वा नसो. हे आधी तपासलं म्हणून वाचलं. आमच्याच कॉलेजातल्या एका मुलीचे पैसे तिच्या वडिलांनी तिच्या नावानं उघडलेल्या विसरलेल्या खात्यात जाऊन पडले होते.

पहिला हप्ता आला तेव्हा उन्हाळी परीक्षा संपली होती. त्यातून त्यानं काकूंचे थकलेले डब्याचे पैसे दिले आणि बहिणीला नर्सिंगच्या फॉर्मसाठी पाठवले. स्वाधार चांगली योजना आहे. पण तिचा पैसा मागाहून येतो आणि दुपारचं जेवण बाराला लागतं. तोवर दहा रुपयांची थाळी आणि पाच किलो धान्य यांचाच आधार. म्हणून 'स्वाधार भरा' एवढं सांगून हात झटकणाऱ्यांत मी आता नाही.

प्रश्न कसा विचारायचा

जानेवारीत मी वर्गात विचारलं, "कुणाला जेवणाची अडचण आहे का?" एकही हात वर नाही. अर्थातच. पुढच्या तासाला चिठ्ठ्या वाटल्या आणि नुसतं लिहायला सांगितलं: घरच्या राशन कार्डाचा रंग, त्यावर तुझं नाव आहे का, ई-केवायसी झाली का, आणि आज सकाळी काय खाल्लं. नाव नको. शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरांत 'चहा' हा शब्द इतक्यांदा आला की मी त्या चिठ्ठ्या घरी न्यायचं टाळलं. कार्डाचा रंग विचारला की पोरं सांगतात. भूक विचारली की हसतात.

मग माहिती पत्रक काढलं नाही. प्रवेशाच्या अर्जासोबत जोडायला एक अर्ध्या पानाचा कागद केला, त्यात चार ओळी आणि एक रिकामी चौकट, राशन कार्डाच्या 12 अंकी नंबरासाठी. नंबर घरून मागवावा लागतो, आणि तो मागवताना घरी बोलणं होतं; मला ते बोलणं व्हायला हवं होतं. प्रवर्गाप्रमाणे एकेकच ओळ: अनुसूचित जातीसाठी स्वाधार, आदिवासी मुलांसाठी स्वयम, ओबीसी-भटक्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार, जिला जिल्ह्यामागे 600 ची मर्यादा आहे म्हणून लवकर भरा. स्वाधारच्या ओळीत पहिलेच शब्द असे ठेवले: 'वसतिगृहाच्या यादीत नाव नाही आलं? मग हे तुझ्यासाठीच आहे.' प्राचार्य म्हणाले, भाषा जरा ऑफिशियल करा. केली नाही.

वेळापत्रक समितीत मी एक ठराव मांडला, की साडेबारा ते दीड कुठलीच प्रॅक्टिकल बॅच नको. तो फेटाळला गेला. लॅब दोन आणि बॅच सात, करणार काय. त्याऐवजी बॅच वाटताना खोली करून राहणाऱ्यांना आधी विचारायचं, एवढं पदरात पडलं.

जे सुटलं नाही तेही आहे. त्याच्या खोलीतला तिसरा पोरगा बालाघाटचा, कार्ड मध्य प्रदेशचं. नियमानं त्यालाही नागपुरात धान्य मिळायला हवं. त्याचं नावच कार्डावर चढलेलं नाही, ते गावी जाऊनच चढवावं लागेल, आणि तो गेला की सेंट्रिंगच्या कामाला लागतो, परत येतो तो परीक्षेला. शिवाय घरमालकिणीनं मे महिन्यात इंडक्शन बंद करायला लावली, बिल जास्त येतं म्हणून. कुकर आता काकूंकडे पडून आहे.

2025 च्या जुलैमध्ये प्रवेश सुरू झाले तेव्हा 47 नंबर, आता तिसऱ्या वर्षाला, टेबलाशी बसला होता. मी बसवलं नव्हतं. आला आणि बसला. सिरोंच्याकडचा एक पोरगा फॉर्म घेऊन उभा, आईला फोन लावलेला, तेलुगूत काहीतरी चाललं होतं. त्यानं फोन हातानं झाकून विचारलं, "आई विचारून राहिली, नंबर दिला तर घरचं राशन बंद होईल का?"

"नाही होत. नंबर लिहून घे फक्त," 47 नंबर म्हणाला. "उचलायचं का नाही, अन् कोणत्या महिन्यात, ते घरी विचारून ठरव."